सँड फिल्टर, दोन काटे आणि मधला फरक

ठिबक सिंचनाच्या नळीवरचा ताशी ४ लिटरचा ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोटी, एका मिनिटाला ६६ ते ६७ मिलिलिटर पाणी देतो. हा साधा हिशेब मी आयुष्यात पहिल्यांदा नीट केला तो चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, खरड छाटणीनंतर पंधराव्या दिवशी, फवारणीचे औषध मोजायचे माप हातात घेऊन द्राक्षबागेत उकिडवा बसलो असताना. सबमेनजवळच्या, म्हणजे ओळींना पाणी वाटणाऱ्या पाइपाजवळच्या, पहिल्या वेलीखाली ते माप मिनिटभरात ६५ वर गेले, त्याच ओळीच्या मध्यावर ५० च्या आसपास थांबले आणि ओळीच्या टोकाला जेमतेम ३० भरले. खालच्या अंगाच्या दोन ओळींत तर ड्रिपरमधून नुसती टिपटिप चालली होती. आठवडाभर आम्ही ज्या असमान फुटीसाठी कधी छाटणीला, कधी उन्हाला आणि कधी डोळे फुटण्यासाठी लावलेल्या औषधाला बोल लावत होतो, तिचे कारण जमिनीवरच्या काळ्या नळीत होते.

आमची बाग कवठेमहांकाळ तालुक्यात, दोन-दोन एकरांच्या दोन तुकड्यांत आहे. पाणी येते ते एका विहिरीतून आणि प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यातून. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे आवर्तन सुटले की कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलले जाऊन आमच्या भागात येते आणि ते मिळेल तेवढे आम्ही तळ्यात भरून ठेवतो. ज्यांच्याकडे नुसती चांगली विहीर आहे त्यांना गाळणीचा प्रश्न फारसा पडत नाही, जाळीच्या फिल्टरवर त्यांचे भागते. उघड्या तळ्याचे पाणी मात्र वेगळे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यात शेवाळ धरते, वाऱ्याने पालापाचोळा आणि माती पडते, बेडकांची अंडी, किड्यांच्या अळ्या, पाखरांची पिसे असा सगळा संसार त्यात असतो. असे पाणी ठिबकच्या नळीत सोडायचे, तर वाळूच्या टाकीला, म्हणजे ज्याला आम्ही सगळे सँड फिल्टर म्हणतो त्याला, पर्याय नाही.

जाळीचा फिल्टर शेवाळापुढे का हरतो, हे एकदा हाताने तपासले की कायमचे लक्षात राहते. जाळी म्हणजे एकाच पातळीवरची भोके. मातीचा टणक कण भोकापेक्षा मोठा असेल तर अडतो, हे ठीक. पण शेवाळ मऊ आणि चिकट असते. ते जाळीवर साईसारखे पसरते, पाहता पाहता सगळी भोके बंद करते आणि मागून दाब वाढला की स्वतःच पिळवटून, तुकडे होऊन पलीकडे निघून जाते. पलीकडे गेलेले ते तुकडे नळीत पुन्हा एकत्र येतात, त्यांच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो आणि त्या थराला बारीक माती चिकटते. ड्रिपरमध्ये बोट घालता येत नाही. त्यातली पाण्याची नागमोडी वाट एखाद्या मिलिमीटरची असते. म्हणून गाळणीचा जुना ठोकताळा असा आहे की ड्रिपरच्या वाटेच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा मोठा कण पुढे जाऊ देऊ नये. कण एकटा अडकत नसतो, पाच-सहा कण एका वळणावर एकमेकांना धरून कमान करतात आणि वाट बंद होते. एक मिलिमीटरचा दहावा हिस्सा म्हणजे १०० मायक्रॉन. आपल्याकडे ज्याला १४० मेशची जाळी म्हणतात ती साधारण तेवढीच असते आणि १२० मेशची सुमारे १३० मायक्रॉनची.

वाळू हे काम खोलीत करते. एकसारख्या आकाराचे दाणे एकावर एक रचले, तर त्यांच्यामधल्या पोकळीची वाट दाण्याच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढी राहते. म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा दाणा घेतला, की वाट १०० मायक्रॉनच्या जवळ येते. शिवाय ही वाट सरळ नसते. हातभर जाडीच्या थरातून खाली उतरताना पाण्याला शेकडो वळणे घ्यावी लागतात आणि पोकळीपेक्षा लहान असलेला कणही कुठल्या तरी वळणावर दाण्याला चिकटून बसतो. शेवाळाचा तंतू एका दाण्यापासून सुटला, तर दुसऱ्याला अडकतो. दाणे नदीतल्यासारखे गुळगुळीत नसून फोडलेल्या गारेचे, कोपरे असलेले असतील, तर ही पकड आणखी चांगली बसते.

इथे एक गोष्ट थोडी विषयाच्या कडेची, पण सांगतो. पाणी गाळायला वाळू वापरण्याची कल्पना जुनीच आहे. स्कॉटलंडमधल्या पेझली गावात जॉन गिब नावाच्या माणसाने १८०४ मध्ये कापड शुभ्र करण्याच्या आपल्या कारखान्यासाठी वाळूची गाळणी बांधली आणि उरलेले पाणी तो गावाला विकत असे. लंडनमध्ये चेल्सी इथे १८२९ मध्ये थेम्सचे पाणी तशाच रीतीने गाळून नळाला दिले जाऊ लागले. त्या गाळण्यांतून पाणी तासाला जेमतेम वीतभर खाली उतरे आणि वाळूच्या पृष्ठभागावर वाढणारा जैविक थरच रोगजंतू खाऊन टाकी. आमच्या टाकीतून पाणी तासाला ५० मीटरच्या वेगाने जाते. नाव आणि वाळू तीच असली, तरी काम वेगळे आहे. हे सांगण्याचे कारण असे की टाकीच्या पलीकडच्या तोटीला ओंजळ लावून पाणी पिणारे मजूर मी पाहिले आहेत आणि "फिल्टरचंच आहे की हो" असे म्हणून ते मला निरुत्तर करतात. ते पाणी स्वच्छ दिसते, पण पिण्यायोग्य झालेले नसते.

आता त्या ५० मीटरच्या आकड्याकडे येतो, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. आमची लावण ९ बाय ५ फुटांवर आहे, म्हणजे एकरी सुमारे ९६८ वेली. वेलीला ४ लिटरचे दोन ड्रिपर धरले तर एकराला तासाला ७,७४४ लिटर आणि दोन एकरांना साडेपंधरा हजार लिटर पाणी लागते. टाकी २४ इंच व्यासाची आहे. तिच्या आतल्या वाळूचे क्षेत्रफळ ०.२९ चौरस मीटर भरते. साडेपंधरा घनमीटरला ०.२९ ने भागा, वेग येतो तासाला सुमारे ५३ मीटर. ठिबकच्या वाळूच्या टाकीला तासाला ३७ ते ६१ मीटरचा वेग चालतो असे सर्वसाधारणपणे धरतात; पाणी जितके घाण, तितके खालच्या आकड्याकडे राहावे. म्हणजे ज्याने आम्हाला ही टाकी दिली त्याने हिशेब बरोबर केला होता, आणि तो मी मोडला.

ज्यांच्याकडे शेतीची लाईट आठ तास आणि तीही कधी दिवसा कधी रात्री अशी येते, त्यांना पुढचे सांगायला नको. एका तुकड्याला चार तास आणि दुसऱ्याला चार तास पाणी द्यायचे ठरलेले असायचे. मध्येच एक फेज जायचा आणि दुसरा तुकडा कोरडा राहायचा. एका मार्चमध्ये वैतागून मी दोन्ही तुकड्यांचे व्हॉल्व्ह एकदम उघडले. मोटर साडेसात अश्वशक्तीची होती, तिने पाणी उचलले. चारही एकर एकाच वेळी भिजू लागले आणि मला स्वतःच्या हुशारीचे कौतुक वाटले. त्या क्षणापासून टाकीतल्या वाळूतून पाणी तासाला १०६ मीटरच्या वेगाने जात होते.

एवढ्या वेगाने वरून येणारा झोत वाळूला सपाट राहू देत नाही. जिथे झोत पडतो तिथे खळगा होतो, वाळू कडेला सरकते आणि थर मध्ये पातळ व कडेला जाड असा होतो. पाणी आपल्या स्वभावाप्रमाणे सोपी वाट धरते, म्हणजे मधूनच जाते. कडेच्या वाळूतून पाणी हलेनासे झाले की तिच्यातले शेवाळ कुजते, दाणे एकमेकांना चिकटतात आणि ढेकूळ तयार होते. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे अशा टाकीचे दाबमापक उत्तम आकडे दाखवतात. टाकीत शिरण्याआधीचा दाब आणि बाहेर पडतानाचा दाब यांच्यातला फरक वाढला की टाकी तुंबली, हे आम्हाला माहीत होते. आमचा फरक वाढतच नव्हता. मधल्या बोगद्यातून पाणी विनाअडथळा वाहत असताना तो वाढणार कसा?

एप्रिलमध्ये ते माप घेऊन बागेतून आल्यावर आम्ही टाकीचे वरचे झाकण उघडले. आत डोकावल्यावर आधी वास आला, बंद पडलेल्या गटारासारखा. बॅटरी लावली तर वाळूचा रंग वाळूचा नव्हता. वर हिरवट काळी साय होती आणि बरोबर मध्ये, पाणी आत येते त्या तोंडाच्या खाली, पाटीएवढा खड्डा होता. मी दंडापर्यंत हात घातला. खड्ड्याच्या तळाशी बोटांना थेट तळातल्या, गाळलेले पाणी बाहेर नेणाऱ्या प्लास्टिकच्या खाचा लागल्या. कडेची वाळू मात्र हाताने हलेना. नखाने उकरल्यावर तिचा तुकडा भाकरीच्या पापुद्र्यासारखा निघून आला. टाकीच्या पुढे लावलेला जाळीचा फिल्टर, जो पहारेकरी म्हणून असतो, त्याची जाळी एका शिवणीवर उसवलेली होती. ती केव्हा उसवली कोण जाणे, महिनाभर आम्ही ती काढून पाहिलीच नव्हती.

पहिल्या चुकीवर दुसरी चूक चढवायला आम्हाला दोन दिवस लागले. वाळू बदलायची ठरली. चुलतभावाच्या घराचे बांधकाम चालले होते आणि दारात वाळूचा ढीग होता. "वाळू ती वाळू, त्यात काय बघायचंय?" असे तो म्हणाला आणि मलाही ते पटले, कारण फुकटची गोष्ट लवकर पटते. चाळणीने चाळून, दोनदा धुऊन आम्ही ती टाकीत भरली आणि भरताना आणखी एक अक्कल लढवली: वाळू जास्त असली की पाणी जास्त स्वच्छ, म्हणून टाकी जवळजवळ गळ्यापर्यंत भरली.

नदीच्या वाळूत दाण्यांचा आकार एकसारखा नसतो. मोठ्या दाण्यांच्या पोकळीत बारीक दाणे जाऊन बसतात आणि थर फार लवकर तुंबतो. अगदी बारीक दाणे तळाच्या खाचांतून निसटून ठिबकच्या नळीत उतरतात. त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि चुनखडीही असते. अशी वाळू ओळखायची सोपी रीत मला नंतर कळली: मूठभर वाळू काचेच्या बरणीत घेऊन तिच्यावर आम्ल ओतावे, फसफसली तर ती फिल्टरच्या कामाची नाही, कारण आपण पुढे कधी आम्लप्रक्रिया केली, म्हणजे क्षार काढायला पाण्यातून आम्ल सोडले, तर ती विरघळत जाईल. फिल्टरसाठी मिळणारी वाळू म्हणजे गारेचा, सिलिकाचा चुरा असतो, ठरावीक मापाने चाळलेला. आमच्या टाकीत हातभर जाडीच्या थराला ती पावणेदोनशे किलोच्या आसपास लागते; चार पोत्यांचा खर्च वाचवण्यासाठी मी चार एकरांच्या नळ्यांत वाळू घातली.

टाकी गळ्यापर्यंत भरणे ही चूक का, हे बॅकवॉश, म्हणजे टाकी उलट्या पाण्याने धुणे, समजल्याशिवाय कळत नाही, आणि माझ्या मते सँड फिल्टर ज्याला समजला त्याला बॅकवॉशच समजलेला असतो. वाळू घाण साठवते, नाहीशी करत नाही. साठलेली घाण काढायची तर पाणी उलट्या दिशेने, खालून वर सोडावे लागते. त्या पाण्याने वाळूचा थर उचलला गेला पाहिजे, दाणे सुटे होऊन पाण्यात तरंगल्यासारखे हलले पाहिजेत आणि एकमेकांवर घासले गेले पाहिजेत, तेव्हाच त्यांना चिकटलेले शेवाळ सुटते. थराला फुगायला वर मोकळी जागा हवी, म्हणून टाकी वरून तिसरा हिस्सा तरी रिकामी ठेवतात. आमच्या गच्च भरलेल्या टाकीत वाळूला हलायला जागाच नव्हती. उलटे पाणी सोडले की ती तशीच घाणीसकट बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर निघून जायची. दोन बॅकवॉशनंतर, ते पाणी जिथे सोडतो त्या नारळाच्या आळ्यात वाळूचा पट्टा दिसला, तेव्हा अण्णा म्हणाले, "वाळू झाडाला घालायची होती तर टाकीत कशाला भरली?" आमचे वडील बोलतात कमी.

सगळी वाळू पुन्हा काढली. तळातल्या खाचांच्या प्लास्टिकच्या छत्र्या एकेक काढून पाहिल्या, दोन फुटल्या होत्या, त्या बदलल्या. नवी सिलिका वाळू टाकण्याआधी टाकी निम्मी पाण्याने भरून घेतली, म्हणजे वरून पडणाऱ्या वाळूच्या आघाताने त्या छत्र्या पुन्हा तडकत नाहीत. दुसऱ्या हंगामात तेवढ्याच मापाची दुसरी टाकी पहिलीच्या शेजारी जोडली. आता दोन्ही तुकडे एकदम भिजवले, तरी प्रत्येक टाकीतून वेग पुन्हा ५३ मीटरवर येतो. जोडटाकीचा दुसरा फायदा मला वेगापेक्षाही मोठा वाटतो. एकटी टाकी उलटी धुवायची तर तळ्याचेच गढूळ पाणी तिच्या स्वच्छ बाजूने, तळातून आत सोडावे लागते, म्हणजे अंगण झाडायला चिखलाचा झाडू घेण्यासारखे झाले. दोन असल्या की एकीने गाळलेले पाणी दुसरीला धुते. ज्यांच्याकडे एकच टाकी आहे त्यांनी निदान बॅकवॉश संपल्यावरचे पहिले मिनिटभराचे पाणी बागेत न सोडता बाहेर काढावे.

बॅकवॉशचे पाणी कसे दिसते ते एकदा थांबून बघावे. तोटी फिरवल्यावर पहिले काही क्षण ते फसवे स्वच्छ येते, मग गढूळ चहासारखे, मग हिरवट काळे आणि त्यात कापसाच्या बोंडासारखे गोळे. तीन ते पाच मिनिटांत रंग उतरत जातो. बहुतेक जण काळे पाणी गेले की तोटी बंद करतात. मी पाणी काचेच्या पेल्यात धरून विहिरीच्या पाण्याशेजारी ठेवतो आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत सोडून ठेवतो. पाण्याच्या धारेखाली पांढरे फडके धरले की वाळू येते आहे का तेही कळते. चिमूटभर बारीक वाळू सुरुवातीला येतेच. पण फडक्यावर टपोरे दाणे दिसले, तर उलट्या पाण्याचा जोर जास्त झाला आहे असे समजून व्हॉल्व्ह थोडा आवळतो. जोर कमी पडला तर पाणी गढूळच येत राहते आणि थर सुटत नाही. हे गणित पुस्तकातून जमत नाही, आपल्या टाकीचा व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा ते आपणच शोधून त्याच्यावर रंगाने खूण करावी.

धुवायचे केव्हा, हा प्रश्न दोन काट्यांचा आहे. टाकी स्वच्छ असताना आतल्या व बाहेरच्या दाबातला फरक आमच्याकडे ०.२ किलोच्या आसपास असतो (चौरस सेंटिमीटरला किलो, पण बागेत कोणी तेवढे लांब बोलत नाही). तो ०.५ च्या पुढे गेला की मी धुतो. फरक शून्याच्या जवळ दिसला तर मात्र पूर्वीसारखा खूश होत नाही, झाकण उघडतो. यात एक मेख आहे. दोन वेगवेगळी दाबमापके वर्षभर उन्हात राहिली की त्यांचे काटे आपापल्या परीने खोटे बोलू लागतात आणि ०.३ चा फरक कुठल्या काट्याने लपवला ते कळत नाही. म्हणून आम्ही एकच दाबमापक ठेवले आहे आणि छोट्या तीनतोंडी तोटीने ते आळीपाळीने दोन्ही बाजूंना जोडतो. ते चुकीचे दाखवत असेल, तर दोन्हीकडे तेवढेच चुकीचे दाखवील. वजाबाकी बरोबरच राहते. ही युक्ती मला शेजारच्या तात्यांनी सांगितली. मापात थोडी खोट असलेल्या तराजूवर ते आयुष्यभर बेदाणा तोलत आले आहेत.

मार्च ते मे या काळात आम्ही रोज एकदा धुतो, कधी दोनदा. पावसाळ्यानंतर चार दिवसांतून एकदा पुरते. आपोआप धुणाऱ्या टाक्याही मिळतात. परवडत असतील त्यांनी घ्याव्यात.

खताचा विषय इथेच येतो, कारण त्यात बरीच गफलत पाहायला मिळते. व्हेंचुरी (पाण्याच्या ओढीने खत आत खेचणारी नळी) किंवा खताची टाकी सँड फिल्टरच्या पुढे, पण जाळीच्या फिल्टरच्या आधी असावी. खत वाळूतून गेले तर आतल्या जिवाणूंना आणि शेवाळाला आयते खाद्य मिळते आणि थर लवकर चिकटतो; जाळीच्याही पुढे सोडले तर न विरघळलेले खडे थेट ड्रिपरपर्यंत पोहोचतात. आमच्या भागात निम्म्या बागांत ही जोडणी उलटी असेल, आणि विचारले तर "प्लंबरने तशीच केली" हे उत्तर मिळते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याबरोबर जड वाळू येत असेल, तर सगळ्यांच्या आधी हायड्रोसायक्लोन लावतात; तो पाण्याला भोवरा देऊन जड कण खाली पाडतो. शेवाळ हलके असल्याने त्यात पडत नाही. म्हणून तळ्याच्या पाण्यावर नुसता हायड्रोसायक्लोन बसवून देणाऱ्याला मी दुरूनच नमस्कार करतो. खरेदी करताना मीडिया फिल्टरवर, म्हणजे आपल्या वाळूच्या टाकीवर, आयएस १४६०६ या भारतीय मानकाचा क्रमांक आहे का ते बघावे. त्याने सगळे प्रश्न सुटत नाहीत, पण पत्र्याची जाडी आणि आतला रंग याबाबत डोळे मिटून विश्वास ठेवायची पाळी येत नाही.

आणि या टाकीकडून जे होणारच नाही, ते तिच्याकडून मागू नये. पाण्यात विरघळलेले काहीही वाळूला अडवता येत नाही. आमच्या विहिरीचे पाणी क्षारयुक्त आहे. ड्रिपरच्या तोंडावर जो पांढरा खर धरतो तो वाळूतून आरामात पार झालेला असतो आणि उन्हात नळी तापली की आत घट्ट होतो. त्याच्यावर उपाय आम्लप्रक्रियेचा. लोहाचेही तसेच, विरघळलेल्या रूपात ते दिसत नाही, हवा लागली की तांबूस गाळ होऊन बसते. पाणीपरीक्षणाच्या अहवालात लोह लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल, तर ठिबक तुंबण्याचा धोका गंभीर मानतात. तरंगत्या गाळासाठी ही रेषा १०० मिलिग्रॅमची आहे आणि ५० च्या खाली असेल तर फारशी काळजी नसते. शेवाळ-जिवाणूंच्या बुळबुळीत थरासाठी क्लोरीन द्यावे लागते आणि ते सँड फिल्टरच्या आधी सोडले तर वाळूही त्यात धुऊन निघते. मात्र क्लोरीन आणि आम्ल कधीही एकत्र करू नये, एकाच बादलीत तर नाहीच. त्यातून निघणारा वायू विषारी असतो. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे.

वाळूला हुलकावणी देणारी तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या काळ्या रानातली चिकणमाती. तिचा कण दोन मायक्रॉनहूनही बारीक. वाळूतून जातो, जाळीतून जातो, बहुतेक वेळा ड्रिपरमधूनही निघून जातो, पण नळीच्या टोकाला, जिथे पाण्याचा वेग मंदावतो, तिथे साठत राहतो. तिला बाहेर काढायचा मार्ग एकच आहे, ठिबकच्या नळ्यांची टोके उघडून त्या धुणे. आम्ही पंधरा दिवसांनी चार-पाच ओळींची टोके एका वेळी उघडतो, सगळी एकदम उघडली तर दाब पडतो आणि गाळ हलतच नाही. चार वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलमध्ये टोके उघडली तेव्हा टूथपेस्टसारखा काळा गाळ सरळ लांबीने बाहेर आला होता आणि त्यात चुलतभावाच्या बांधकामाची वाळू चमकत होती. शेवटच्या दोन ओळींच्या नळ्या बदलाव्याच लागल्या. त्या भागातला माल त्या वर्षी बेदाण्याला गेला.

फिल्टरवरचा बोजा कमी करण्याचे निम्मे काम मोटर चालू करण्याच्या आधीच होऊ शकते. आमचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटरच्या ओढपाइपाचे पाण्यातले तोंड, पूर्वी तळ्याच्या तळाशी पडलेला असे आणि गाळ ओढत असे. आता तो रिकाम्या प्लास्टिकच्या पिंपाला दोरीने बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली दीड-दोन फुटांवर लटकता ठेवला आहे, म्हणजे तो वरचे शेवाळही ओढत नाही आणि खालचा गाळही. शेवाळ मारायला मोरचूद टाकणारे बरेच आहेत. आमच्या तळ्यात मासे सोडलेले असल्याने मी ते टाळतो, आणि मेलेले शेवाळ शेवटी तळाशीच जाऊन कुजते हेही आहेच.

आवर्तनाचे नवे पाणी आले की मी एक पारदर्शक बाटली भरून पंपहाऊसच्या खिडकीत ठेवतो. तासाभरात तळाशी बसते ती वाळू, रात्रभरात बसतो तो पोयटा आणि दुसऱ्या दिवशीही जे पाणी गढूळच राहते त्यात चिकणमाती असते. बाटली आठवडाभर उन्हात राहिली तर कडेला हिरवी रेघ उमटते, तीही सांगून जाते की पुढच्या महिन्यात टाकी किती वेळा धुवावी लागणार. परवा तळे भरले. आज सकाळी बाटलीत तळाशी बोटभर गाळ आहे आणि वरचे पाणी अजून दुधाळ चहाच्या रंगाचे आहे, त्यामुळे या आठवड्याची पाळी विहिरीवर काढली आहे. कालच्या नोंदीत आत १.९, बाहेर १.७ असे आकडे खडूने भिंतीवर लिहिलेले आहेत.